केसभर

खालचे अवाद मास्तर तिसऱ्यांदा वर आले,
हातात खजुरांची बशी. तक्रार घेऊन जाताना
रिकाम्या हाताने जाणं सुदानात बसत नसावं.
म्हणाले, छतावरचा डाग पंख्यापर्यंत पोचला.
घाई नाही. फक्त पंखा लावला की मुलगी रडते.

मेंटेनन्सवाला अकरा दिवस 'उद्या' येत होता.

आमचा टब म्हणजे बादली ठेवायची जागा.
सहा वर्षं त्यात उभं राहून तांब्याने अंघोळ केली.
जिथे टाइल संपते आणि टब सुरू होतो
तिथली पांढरी पट्टी काळी पडत गेली,
आणि मी दर शुक्रवारी ती ब्रशने घासत राहिले,
मळ समजून.

गुदैबियाच्या गल्लीत सारंगांचं हार्डवेअर.
सारंग बाणकोटचे. मराठी ऐकली की
दुसरं गिऱ्हाईक थांबवून ठेवतात.
दीड दिनारची ट्यूब, बंदूक, ब्लेड, कागदी टेप.
सुटे परत देताना म्हणाले,
बाई, आधी टब भरा. काठोकाठ. मग सील मारा.
मला वाटलं थट्टा. गळतंय तिथेच पाणी भरू?
"वजन आलं की टब खाली बसतो. केसभर.
ती केसभर फट आधी उघडून घ्यायची, मग बुजवायची.
रिकाम्यावर माराल तर पहिल्याच अंघोळीला फाटेल."

रात्री जुनं सिलिकॉन ओढून काढलं,
आतड्यासारखं लांब, बुळबुळीत.
मागे फट, फटीत आधीच्या कुणा भाडेकरणीची
गंजकी हेअरपिन.
स्पिरिटने पुसलं. मग अर्धा तास हेअर ड्रायर,
तापातून उठलेल्या पोरीचे केस वाळवावेत तसा.

नळ सोडला.
ऑगस्टात इथे गार नळसुद्धा चटका देतो.
पाणी चढत गेलं आणि मला कसंतरीच होऊ लागलं.
जत तालुक्यातली मी. माणशी दोन घागरी, टँकर आला तर.
आई तांदळाचं धुवण शेळीला द्यायची
आणि शेळीने ठेवलेलं कढीलिंबाला.
हे तर समुद्राचं मीठ काढून आणलेलं पाणी,
आणि अंघोळ कुणीच करणार नव्हतं.
किती घागरी झाल्या ते मोजत होते.
नवव्या घागरीला मोजणं सोडलं.

सलवार खोचून आत उतरले.
माझंही वजन धरायला हवं होतं.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात ओढायचं ठरवलं,
मध्येच शिंक आली. तिथे आजही गाठ आहे.
साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवलं,
करंजीची कड दाबतात तेवढंच.
आता चोवीस तास हात लावायचा नाही.

भूपाल दम्मामहून पूल ओलांडून आला, बारा वाजले होते.
दारातून टब बघितला. "कुणासाठी?"
मी सांगितलं.
मोजे न काढता कमोडच्या झाकणावर बसला.
दिवा पाण्यात हलत होता, मग हलायचा थांबला.
म्हणाला, आपण कधी बसलोच नाही यात.
म्हटलं, आजही नाही.

सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून
अंघोळीला अवाद मास्तरांकडे गेलो, सगळे, रांगेने.
त्यांच्या बायकोने नवा साबण काढून ठेवला होता.
तोंडावर पाणी मारताना वर पाहिलं.
आमच्याच पाण्याचा डाग होता,
मध्ये तपकिरी, कडेला पिवळा.

चोवीस तास झाले तरी बूच काढवेना.
बादलीने उपसलं: फरशी, तुळस, गॅलरीची जाळी,
दोन बादल्या मास्तरांच्या गाडीला.
तळ दिसू लागला तेव्हा टब करकरला.
वर आला असावा. केसभर.
वाकून पट्टीवर बोट फिरवलं, शिंकेच्या गाठीपाशी दोनदा.
धरून होती.

मग बादली परत आत ठेवली, तांब्या तिच्यात.